माहितीपट संपल्यावर मुलाखती पुसू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मारबतीच्या मिरवणुकीत हल्ली पावलोपावली कॅमेरे दिसतात. स्वतःच्या पैशाने नागपूर-विदर्भावर माहितीपट करणारी मुले वाढली आहेत आणि त्याचा मनापासून आनंद आहे. मात्र त्यांचा बहुतेक पैसा कॅमेरा आणि ड्रोनवर संपतो, आवाजाकडे दुर्लक्ष होते. फिल्म झाली की डिस्क रिकामी करण्यासाठी मूळ मुलाखती पुसल्या जातात. हे पत्र त्यासाठी आहे.

14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. 1877 साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये माग चालवलेले कामगारही थकले. त्यांची मुलाखत बिघडली तर पुन्हा घेता येईलच असे नाही.

चित्र थोडे हलले तर प्रेक्षक चालवून घेतो, शब्द कळला नाही की उठून जातो. आपल्याकडे खरा शत्रू कूलर. त्याची घरघर बोलण्याच्याच पट्टीत मिसळते, त्यामुळे नंतर सॉफ्टवेअरने काढायला गेले की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. मे महिन्यात कूलर बंद करून ज्येष्ठांना बसवणे तर क्रूरपणाच आहे. मुलाखती हिवाळ्यात ठेवा, नाहीतर सकाळी नऊच्या आत उरका. कॉलर माइक हनुवटीच्या एक वीत खाली लावा. कांजी केलेली साडी आणि मंगळसूत्र त्यावर घासते, तेव्हा तार टेपने कापडाला चिकटवा. खोली रिकामी असेल तर कॅमेऱ्यामागे दोन-तीन गोधड्या टांगा, आवाजाचे घुमणे कमी होते. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. हेडफोन पूर्ण वेळ कानाला हवा, कारण सैल पिनची खरखर डोळ्यांना दिसत नाही. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीची शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. संकलनात वाक्ये जोडताना तीच कामी येते. मिरवणुकीतल्या ढोल-डीजेसाठी मात्र गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवण्याचे बटण, आधीच खाली आणा. माइकमध्येच फाटलेला आवाज कोणालाही सांधता येत नाही.

मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा. 30 फ्रेम आणि 1/60 शटरवर ट्यूबलाइट आणि काही एलईडीखाली चित्रात पट्टे सरकू शकतात. शिवाय बरेच मोबाइल फ्रेमचा वेग स्वतःच कमी-जास्त करतात, त्यामुळे वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज लांब मुलाखतीत ओठांशी जुळेनासा होतो. संकलनापूर्वी फाइल एकसारख्या वेगाची करून घ्या.

ड्रोनचा मोह आवरावा. विमानतळ शहराला लागूनच आहे, त्यामुळे मोठ्या भागात उड्डाणाला बंदी किंवा परवानगीची अट आहे. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन-नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन हवेत सोडू नये. पेंच-ताडोबात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय व्यावसायिक चित्रीकरण करता येत नाही. आणि दरवेळी वाघच कशाला? अंबाझरी, फुटाळा, गोरेवाड्याच्या पाण्यावर, नाग नदीच्या काठावर वर्षभर पाहण्यासारखे खूप आहे.

आता साठवणुकीचे. सेकंदाला 100 मेगाबिट वेगाने चित्रीकरण केले तर एका तासाला 45 जीबी लागतात, म्हणजे तीस तासांच्या मुलाखती दोन टीबीच्या डिस्कमध्ये सहज मावतात. दोन डिस्क घ्या आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. दोन्ही प्रती उघडून, चालवून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. फाइलच्या नावात तारीख आणि गाव असावे, सोबत कोणत्या मिनिटाला काय बोलले याची यादी असावी. गोंडी, वऱ्हाडी किंवा झाडीबोलीतले बोलणे आधी जसेच्या तसे उतरवा, प्रमाण मराठी नंतर. संमतिपत्रात फिल्मसाठी आणि जतनासाठी अशा दोन वेगळ्या सह्या घ्या. कुटुंबाचे जुने फोटो 600 डीपीआयला (इंचाला 600 ठिपके) दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, नावे-साल बहुधा पाठीमागेच लिहिलेले असते.

हे सगळे ठेवायचे कुठे, हा प्रश्न एकेकट्या निर्मात्याने सोडवण्याजोगा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने किंवा अजब बंगल्याने (नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाने) अशा मूळ मुलाखती यादीसह स्वीकारण्याची सोय करावी. माहितीपटाला अनुदान देणाऱ्या संस्थांनी मूळ फाइल जमा झाल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. आपल्या दैनिकासह सर्व वृत्तपत्रांना विनंती, की जुन्या छायाचित्रांचा संग्रह स्थानिक निर्मात्यांना माफक दरात, श्रेयनामासह वापरू द्यावा आणि त्याचे नियम एकदा छापून जाहीर करावेत.

आपला,
एक माहितीपट संकलक
धरमपेठ, नागपूर