साचेकामासाठी अल्जिनेट, काथ्या आणि मूर्तिकारांचे हात हवेत

संधिवात, कुष्ठरोग, मधुमेह, पोलिओ, सेरेब्रल पाल्सी यांमुळे ज्यांचे हातपाय बदलले आहेत, अशा १२ जणांच्या हातापायांचे साचे घेऊन शिल्पे घडवण्याचे काम आमच्या कलामंडळाने कोल्हापुरात हाती घेतले आहे. शरीर जसे आहे तसेच शिल्पात उतरेल. वाकडे बोट सरळ करायचे नाही, सुजलेला सांधा घासून सुबक करायचा नाही.

एका हाताला साधारण अर्धा किलो अल्जिनेट (पाण्यात कालवली की रबरासारखी घट्ट होणारी साच्याची भुकटी) आणि दोन लिटर पाणी लागते. बुडबुडे राहिले की साचा वाया जातो, म्हणून प्रत्येकी दोन साचे धरून १२ किलो अल्जिनेट हवे. शिवाय २५ किलोच्या दोन गोणी प्लास्टर, १५ सेंटिमीटर रुंदीचे ४० प्लास्टर बँडेज आणि काथ्या.

कालवलेल्या अल्जिनेटच्या बादलीत हात चार-पाच मिनिटे स्थिर धरावा लागतो. कंप किंवा ताठरपणा असलेल्यांना ते जमत नाही. त्यांचा हात उशीवर टेकवून अल्जिनेट वरून थापायचे, त्यावर बँडेजचे कवच चढवायचे. संधिवाताच्या सांध्यांना गार पाणी सोसत नाही आणि कोमट पाण्यात अल्जिनेट लवकर घट्ट होते, म्हणून कालवणारा हात सराईत हवा. मुडपलेली बोटे साच्यातून ओढायची नाहीत. साचा लाकडी पट्टीने कापून दोन भागांत उघडायचा. नंतर अर्ध्या तासात प्लास्टर ओतायचेच, नाहीतर अल्जिनेट सुकून आकसते आणि बोटे बारीक येतात.

सगळ्यांत मोठी काळजी बधिर त्वचेची. प्लास्टर घट्ट होताना तापते; जाड थरात ६० अंशांपर्यंतही जाते. कुष्ठरोगात किंवा मधुमेहात बधिर झालेल्या हाताला भाजलेले कळतच नाही. त्यामुळे अशा त्वचेवर थेट प्लास्टर कधीच नाही. मध्ये किमान एक सेंटिमीटर अल्जिनेट आणि वर बँडेजचे तीन-चारच पदर.

शाहूपुरी आणि बापट कॅम्पातल्या मूर्तिकारांना खास विनंती: गणपतीचा हंगाम संपल्यावर चार दुपारी द्या. सकाळी सांधे आखडलेले असतात, म्हणून काम दुपारीच ठेवले आहे. काथ्या प्लास्टरमध्ये भिजवून आतून बळकटी देणे तुमच्याइतके कोणाला येते? १९६८ साली जयपूर फूट हा कृत्रिम पायही अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठींच्या जोडीने रामचंद्र शर्मा या कारागिरानेच घडवला होता.

मोडके कॅलिपर (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या), झिजलेल्या कुबड्या, जुने कमरपट्टेही शिल्पांसाठी हवेत. वापरण्याजोगे मात्र आम्हाला देऊ नका, गरजूला द्या. रोख देणगी साचा देणाऱ्यांचे रिक्षाभाडे आणि मानधन यांवरच खर्च होईल. शिल्पे हात लावून पाहता येतील. व्हीलचेअरवरूनही पोहोचावीत म्हणून ७५ सेंटिमीटर उंचीची सहा टेबले कोणी सुतार करून देईल का?

साहित्य मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत आणून द्यावे. अल्जिनेटचे पाकीट फोडलेले नको, ओल धरली की ते नीट घट्ट होत नाही.