अलोमा मुख्तार यांच्याविषयी आई-बाबांना पत्र

लागोस

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, इकडच्या न्यायालयांत बायका वरपर्यंत पोहोचतात का, असे तुम्ही मागच्या फोनवर विचारले होते. ज्यांची सारी नोकरी कोर्टाच्या कचेरीत गेली, त्यांना नुसते 'हो' म्हणून भागत नाही. म्हणून नायजेरियाच्या पहिल्या स्त्री सरन्यायाधीश अलोमा मरियम मुख्तार यांच्याविषयी सविस्तर लिहिते आहे.

त्यांचा जन्म १९४४ चा. शाळा उत्तरेकडच्या झारिया शहरात सुरू झाली, पुढचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. १९६७ मध्ये त्यांना मायदेशी वकिलीची सनद मिळाली, तेव्हा उत्तर नायजेरियातून त्यांच्याआधी एकही स्त्री वकील झालेली नव्हती. सरकारी वकील म्हणून उमेदवारी, कायद्यांचे मसुदे तयार करण्याचे काम, १९७१ मध्ये मॅजिस्ट्रेट आणि १९७३ मध्ये कानो राज्याच्या न्यायखात्याच्या मुख्य रजिस्ट्रार, अशा पायऱ्या चढत त्या गेल्या. म्हणजे दप्तर, आवक-जावक आणि तुंबलेल्या फायली हे सारे त्यांनी न्यायासनावर बसण्यापूर्वी टेबलाच्या तुमच्या बाजूने पाहिलेले होते. १९७७ मध्ये त्या कानो उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या (आपल्या मुंबई उच्च न्यायालयात सुजाता मनोहर आल्या त्या १९७८ मध्ये). १९८७ पासून अठरा वर्षे अपील न्यायालयात काढल्यावर २००५ साली त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १६ जुलै २०१२ रोजी सरन्यायाधीश झाल्या. आपल्याकडे त्या खुर्चीवर अजून एकही स्त्री बसलेली नाही. इथे २०२४ मध्ये कुदिरात केकेरे-एकुन यांच्या रूपाने दुसरीही बसली.

पण मला त्या मोठ्या वाटतात त्या या मानांमुळे नव्हे. २००७ च्या अध्यक्षीय निवडणुकीत उमारू यारअदुआ विजयी घोषित झाले, त्याला पराभूत उमेदवार मुहम्मदू बुहारी यांनी आव्हान दिले. मतपत्रिकांवर अनुक्रमांक हवेत, असे निवडणूक कायदा सांगत होता आणि प्रत्यक्ष वापरलेल्या मतपत्रिकांवर ते नव्हते. १२ डिसेंबर २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपैकी चौघांनी निवड कायम ठेवली. ती रद्द ठरवू पाहणाऱ्या तिघांत मुख्तार होत्या. अल्पमताने निकाल फिरत नाही हे तुम्हाला मी काय सांगावे? तरीही सत्तेवर बसलेल्या अध्यक्षाची निवड कायद्यात बसत नाही, हे सही करून नोंदवायला छातीच लागते. पुढे सरन्यायाधीश म्हणून, न्यायाधीशांच्या नेमणुका आणि शिस्त पाहणाऱ्या न्यायिक परिषदेच्या प्रमुख झाल्यावर त्यांनी आपल्याच बिरादरीचीही गय केली नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये दोन न्यायाधीशांना सक्तीने निवृत्त करण्याची शिफारस परिषदेने केली.

आई, आता तुझ्यासाठी. नोव्हेंबर २०१२ मध्ये अपील न्यायालयाच्या नव्या न्यायाधीशांचा शपथविधी होता. इफेओमा जोम्बो-ओफो यांचे माहेर अनाम्ब्रा राज्यातले, सासर अबियातले, आणि अबियाच्या कोट्यातून त्यांची निवड झालेली. तुम्ही मूळच्या अबियाच्या नाहीत, अशी तक्रार आली आणि मुख्तार यांनी इतरांना शपथ देऊन त्यांना तेवढे वगळले. इथे नेमणुकांत राज्याराज्यांचा समतोल राखावा लागतो, आणि बाईचे राज्य माहेरचे की सासरचे हा वाद जुनाच आहे. सिनेटमध्ये निषेध झाला, स्त्री वकील संतापल्या, आणि अखेर जोम्बो-ओफो यांना शपथ मिळाली. माझ्या मते मुख्तार तिथे चुकल्या. ज्या बाईने आयुष्यभर पुरुषांनी आखलेल्या रेषा ओलांडल्या, तिनेच दुसरीला अशा रेषेपाशी थांबवावे, हे मला अजून पटलेले नाही. बाबा कदाचित म्हणतील की तक्रार दाखल असताना शपथ देणे नियमाला धरून झाले नसते, आणि त्या म्हणण्यातही तथ्य आहे.

२० नोव्हेंबर २०१४ रोजी, वयाला सत्तर वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, मुख्तार निवृत्त झाल्या.

एका कागदावर माहेरचे नाव आणि दुसऱ्यावर सासरचे, म्हणून तुझ्या पेन्शनसाठी एका कचेरीने तुला किती हेलपाटे घालायला लावले होते, ते मला आठवते. त्यामुळे या प्रकरणात तुझे मत काय पडते, ते बाबांच्या मतापासून वेगळे, स्वतःच्या हाताने लिहून पाठव.

आपली,
मेधा