प्रस्थानालाही गाडी हवी : ग्वाल्हेरहून रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

मा. रेल्वेमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम रामकृष्ण हरी.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. करोनाची दोन वर्षं सोडली तर गेली अनेक वर्षं ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदी गाठायची आणि तिथून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालायचं, हा माझा नेम आहे. आमच्या गावची तीस-पस्तीस मंडळी बरोबर असतात. रथामागच्या एका दिंडीत आम्ही भिशी, म्हणजे वारीच्या खर्चाची वर्गणी, भरतो, तेच आम्हाला सांभाळून घेतात. भिशी गोळा करणं, ताडपत्री आणि औषधं बांधणं ही कामं इतरांनी वाटून घेतली आहेत. रेल्वेची तिकिटं माझ्याकडे आहेत, म्हणून हे पत्र मी लिहितो आहे.

आषाढीसाठी रेल्वे दर वर्षी विशेष गाड्या सोडते. अमरावती, खामगाव, भुसावळ, नागपूर या बाजूंनी त्या पंढरपूर-मिरजेकडे जातात. लाखो लोकांची त्यामुळे सोय होते आणि त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. पण या गाड्या धावतात एकादशीच्या आसपास, आणि त्या पोचवतात पंढरपूरला. पायी चालणाऱ्याला गाडी लागते ती सतरा-अठरा दिवस आधी, आणि तीही पुण्याला. गेल्या वर्षी एकादशी ६ जुलैला होती. आम्हाला १८ जूनला देहू किंवा १९ जूनला आळंदीत असायला हवं होतं. त्या दिवसांसाठी आमच्या बाजूने एकही जादा गाडी नव्हती.

ग्वाल्हेरच्या लोकांनी आळंदीला जाण्याचा एवढा आग्रह का धरावा, असं कुणी विचारलं तर मी हैबतबाबांचं नाव सांगतो. हैबतबाबा आरफळकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे, पण चाकरीला होते इथे, शिंद्यांच्या दरबारी. सांगतात की गावी परतताना सातपुड्यात त्यांना लुटारूंनी पकडून कोंडून ठेवलं. तिथे त्यांचा हरिपाठ अखंड चालू होता. लुटारूंच्या नायकाच्या घरी मुलगा झाला आणि त्याने त्यांना सन्मानाने सोडलं. पुढे बाबा आळंदीतच राहिले, आणि आज आपण पाहतो तो पालखी सोहळा, लवाजमा आणि दिंड्यांची शिस्त, त्यांनी १८३२च्या सुमारास घालून दिली. आळंदीच्या महाद्वारात ‘हैबतबाबांची पायरी’ आहे. प्रत्येक वारकरी तिला हात लावूनच आत जातो. मी तिथे वाकतो तेव्हा मनात येतं, हे आपल्याच गावाहून निघाले होते.

आमच्या भरवशाच्या गाड्या दोन, झेलम आणि गोवा एक्सप्रेस. भोपाळ, इटारसी, भुसावळ, मनमाड, दौंड करत सुमारे एक दिवस-रात्र लागते. झेलम जम्मूहून येते, गोवा एक्सप्रेस दिल्लीच्या निजामुद्दीनहून. जूनमध्ये शाळांना सुट्ट्या असतात, तेव्हा गोव्याला निघालेली कुटुंबं आणि घरी परतणारे जवान यांनी डबे आधीच भरलेले असतात. यात त्यांचा काहीच दोष नाही. पण ग्वाल्हेरला गाडी उभी राहते तेव्हा आमच्या वाट्याला काय उरतं, ते आपण आपल्याच आकड्यांत पाहू शकाल.

नोव्हेंबर २०२४पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली. वारीची तिथी पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते, तरी तिकीट दोनच महिने आधी मिळणार. त्या दिवशी सकाळी पावणेआठला आमच्या घरी तीन मोबाइल आणि एक लॅपटॉप घेऊन आम्ही चौघं बसलेलो असतो. सगळ्यांची नावं, वयं आधीच भरून ठेवलेली. आठ वाजतात, एका तिकिटावर सहा नावं, म्हणजे सहा वेळा तेच सोपस्कार. दुसऱ्या तिकिटाला पैसे भरून होईपर्यंत वेटिंग सुरू झालेलं असतं. परतीचं तिकीट तर त्या दिवशी काढताच येत नाही. द्वादशीनंतरची मुदत आणखी तीन आठवड्यांनी उघडते, तेव्हा पुन्हा तीच सकाळ.

आणि तिथी दर वर्षी हलते. आळंदीचं प्रस्थान २०२३ साली ११ जूनला होतं, २०२४ला २९ जूनला, २०२५ला १९ जूनला. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी थेट २५ जुलैवर गेली आहे. ‘गेल्या वर्षीप्रमाणे’ म्हणून केलेली कोणतीही व्यवस्था वारीला लागू पडत नाही.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या खालच्या बर्थचा कोटा चांगला आहे, पण तो एकट्याने किंवा दोघांनी प्रवास करताना मिळतो. आम्ही सहा जणांचं तिकीट काढलं की तो हातचा जातो. दोघा-दोघांची वेगळी तिकिटं काढली की आमचे लोक सात डब्यांत विखुरतात, आणि सत्तरीच्या बाईला रात्री पाणी कोण देणार, इथून प्रश्न सुरू होतात. आमच्याबरोबर सामानही निराळं असतं. पखवाज जुन्या गोधडीत गुंडाळून बर्थखाली सरकवतो. वीणा आम्ही जमिनीवर ठेवत नाही, ती आळीपाळीने मांडीवर घेऊन बसतो. ज्याचं तिकीट वेटिंगवर राहिलं आणि चार्ट लागताच आपोआप रद्द झालं, त्याच्याकडे वीणा असली तर ती ऐनवेळी फलाटावर दुसऱ्याच्या हातात द्यावी लागते. असं दोनदा झालं आहे.

एक प्रसंग सांगतो. गाडीचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नव्हता. एका वर्षी आदल्या दिवशी पोचणाऱ्या गाडीत जागा मिळाली नाही, म्हणून आम्ही प्रस्थानाच्याच दिवशी दुपारी पुण्याला उतरवणारी गाडी धरली. वाटेत ती रखडली. माउलींची पालखी संध्याकाळी मंदिरातून निघते आणि पहिला मुक्काम आळंदीतच आजोळघरी असतो. त्या वेळी आम्ही दौंडच्या फलाटावर होतो. आमच्यातल्या एक आजी, वय एकाहत्तर, त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं की प्रस्थानाच्या वेळी मंदिराचा कळस हलतो. तो बघायला त्या पहिल्यांदाच निघाल्या होत्या. कुणीतरी मोबाइलवर थेट प्रक्षेपण लावलं. आजींनी फलाटावरच चपला काढल्या, तुळशीवृंदावन शेजारणीच्या हातात दिलं, आणि दोन्ही हातांनी मोबाइल धरून त्याच्या काचेला कपाळ लावलं. मग काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या वाटेवर आम्ही पालखीत मिळालो, आजी दिवे घाट चढल्या, पंढरपूरपर्यंत चालल्या. त्यानंतर त्या वारीला आल्या नाहीत, गुडघे गेले.

प्रस्थान पुन्हा गाठता येत नाही, साहेब. पुण्यात पालखीचे दोन मुक्काम असतात, तिथे मिळता येतं, हे खरं आहे. पण आळंदीहून निघणं ते निघणंच.

पैशांचाही विचार व्हावा. मार्च २०२०पर्यंत साठीनंतरच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्ननंतरच्या बायकांना ५० टक्के सवलत होती. ती बंद झाली ती अजून सुरू झालेली नाही. आमच्यातले निम्मे लोक त्या वयाचे आहेत, बहुतेक पेन्शनीवर किंवा मुलांवर अवलंबून. आमच्या राज्याची तीर्थदर्शन योजना २०१२पासून चालू आहे आणि चांगली आहे, पण ती गाडीने नेते, दर्शन घडवते आणि परत आणते. सतरा-अठरा दिवस चालणाऱ्याला ती कशी पुरणार?

म्हणून मागणी अशी. प्रस्थानाच्या दोन दिवस आधी पुण्याला पोचेल अशी एक विशेष गाडी ग्वाल्हेरहून सोडावी. झाशी, भोपाळ, खंडवा, बऱ्हाणपूर इथली मराठी मंडळीही त्याच वाटेवर आहेत, त्यांना ती आपोआप मिळेल. इंदूर-उज्जैनकडच्यांसाठी दुसरी असावी. पूर्ण गाडी शक्य नसेल तर चालू गाड्यांना त्या दोन-तीन तारखांना दोन जादा शयनयान डबे जोडावेत. परतीला पंढरपूर किंवा सोलापूरहून तशीच सोय व्हावी. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेस ग्वाल्हेरला येते, पण द्वादशीनंतर तिच्यात उभं राहायलाही जागा नसते. दिंडीच्या पत्रावर एकत्र आरक्षण करताना वृद्धांना खालचे बर्थ मिळावेत. आणि या गाड्यांपुरती तरी ज्येष्ठांची सवलत पुन्हा द्यावी.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र बिनखर्चाची आहे. जे काही कराल ते ६० दिवसांची मुदत उघडण्याआधी जाहीर करा. पंधरा दिवस आधी घोषणा झाली तर तोवर आमची निम्मी मंडळी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून बसलेली असतात, आणि सत्तरीच्या माणसाचं पुढचं वर्ष मी कुणाच्या भरवशावर सांगू? यंदा प्रस्थान जुलैच्या सुरुवातीला आहे, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात खिडकी उघडेल. त्याआधी आपला निर्णय कळावा. तिकिटांची यादी माझ्याकडे तयार आहे. त्या आजींनी या वर्षी नातवाचं नाव घालायला सांगितलं आहे, आणि नेताना वृंदावन त्यांचंच न्यायचं आहे.

आपला,
लष्कर, ग्वाल्हेर येथील एक वारकरी