आपल्या वाडीची मोजणी

ती. आई आणि बाबांस,
सा. न.

रविवारी फोनवर मी चिडून बोलले, ते मनाला लागून राहिलंय. "आता बास झालं, दोघं कायमचे ठाण्याला या," असं मी म्हटलं आणि बाबा, तुम्ही एवढंच विचारलंत, "आम्ही उठलो तर वाडीत राहील कोण?" तेव्हा मला तो हट्ट वाटला. नंतर बसून वाचलं, आकडे बघितले, आणि तुमचा प्रश्न पटला.

गणपतीतली ती सकाळ डोळ्यांसमोरून हलत नाही. खाली पऱ्या पाण्याने भरून चाललेला, आई चपला हातात घेऊन साकवावर उभी, आणि बाबा पुढे काठीने एकेक फळी ठोकून बघतायत. मग फाट्यावर औषधांची पिशवी या हातातून त्या हातात घेत एसटीची वाट बघायची. परत आलं की तीच चढण. या वयात!

वाडीपर्यंत रस्ता नाही म्हणून हे सगळं. गावाची लोकसंख्या बरी दिसते, पण रस्ता मिळतो तो वस्तीच्या लोकसंख्येवर. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली तेव्हापासून सपाटीवरच्या वस्तीत किमान ५०० माणसं लागतात. डोंगरी राज्यांत आणि आदिवासी भागांत २५० पुरतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहूनही आपण ५००वाल्यांत मोडतो. २०२४मध्ये मंजूर झालेला चौथा टप्पाही २०११च्या जनगणनेवरच चालतो. कोकणातल्या वाड्या अशा विखुरलेल्या, त्यात एकेका वाडीत ५०० माणसं कुठून येणार?

आणि माणसं कमीच होत गेली. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्य दीड कोटीहून जास्त वाढलं, आपला रत्नागिरी जिल्हा मात्र सुमारे ८२ हजारांनी घटला. त्या ८२ हजारांत मी आहे, दादा आहे. आम्ही पोटासाठी गेलो, त्याबद्दल तुम्ही कधी शब्दाने बोलला नाहीत. पण आम्ही गेल्यावर वाडीचं वजनही कमी झालं, हे मला आत्ता कळतंय.

पुढची जनगणना १ मार्च २०२७च्या हिशोबाने होणार, म्हणजे शिमग्याच्या आधी. वाडी तेव्हा रिकामी असते. बाबा, प्रगणक आले की मायेने आमची नावं सांगू नका, आम्ही ठाण्यातच मोजले जाणार आणि तेच बरोबर आहे. तुम्हा दोघांची नावं मात्र तिथेच लागू देत. मी आता बोलावून बोलावून तुम्हाला हैराण करणार नाही. पावसाळ्यात पऱ्याला पाणी चढलं की तेवढे दोन महिने या, एवढंच.

एक वाट सापडलीय. योजनेच्या मूळ नियमांत ५०० मीटरच्या आतल्या वस्त्या मिळून एक धरायची सोय आहे. खालची वाडी आणि आपली वाडी आपण तोंडाने वेगळ्या म्हणतो, पण मधलं अंतर कोणी मोजलंय का? ते जमलं तर ग्रामसभेत दोन्ही वाड्यांचा मिळून ठराव मांडता येईल. सरपंचांच्या कानावर आत्तापासून घाला.

आणखी एक. बाबा, पंच्याहत्तरी झाल्यापासून तुम्हाला एसटी मोफत आहे, तरी शून्य रुपयांचं तिकीट मागून घेत जा. आई, तूही अर्धं तिकीट नीट बघून घे. तिकीट निघालं तरच फाट्यावर प्रवासी चढला याची नोंद राहते.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? रात्रीची गोळी चुकवू नकोस.

शिमग्याला पोरांना घेऊन येतेय, पालखी अंगणात यायच्या आदल्या दिवशी. फाट्यावर घ्यायला येऊ नका, तिन्हीसांजेला साकवावर दिसत नाही, आम्ही येतो चालत. येताना लांब टेप आणते. बाबा, खालच्या वाडीच्या शेवटच्या घरापासून आपल्या पहिल्या घरापर्यंत आपण दोघं मोजू.

तुमची,
धाकटी