पाहुण्यांकडून घेतलेला कर आपला नव्हे

संपादक महोदय,

अमेरिकेत थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देणाऱ्या काही मराठी मंडळींचा समज असतो की, कराचे सगळे काम आरक्षण घेणारे ॲप बघते. तो महागात पडू शकतो. फ्लोरिडाचेच पाहा. सहा महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाच्या भाड्यावर तिथे राज्याचा ६ टक्के विक्रीकर लागतो. काउंटीचा, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, पर्यटन कर वेगळा. एअरबीएनबी हे असे एक ॲप राज्याचा कर परस्पर भरते, पण काही काउंट्यांचा कर यजमानालाच भरावा लागतो. सक्तीचे सफाई शुल्कही करपात्र असते, हे तर अनेकांच्या गावीही नसते. आणि ओळखीच्या पाहुण्याने थेट पैसे दिले, तर सगळीच जबाबदारी आपली. (टेक्सासमध्ये विक्रीकराऐवजी हॉटेल कर लागतो, म्हणजे एका राज्याचा अनुभव दुसरीकडे चालत नाही.)

पाहुण्यांकडून घेतलेल्या कराची रक्कम मी पहिल्यापासून वेगळ्या खात्यात ठेवते. भाड्यात मिसळली की ती खर्च होतेच, आणि विवरणपत्राच्या वेळी खिशातून भरावी लागते.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक आरक्षणाच्या हिशेबात कोणता कर ॲपने भरला आणि कोणता यजमानाने भरायचा, हे कंपन्यांनी ठळकपणे लिहावे.

– एक यजमान वाचक