बदलीचा अर्ज भरला नाही

तीर्थरूप अण्णा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायचा धीर झाला नाही म्हणून लिहितेय. आंतरजिल्हा बदलीचा अर्ज यंदा भरला नाही. आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस, पुढचं वाच.

इकडं गुहागरच्या बाजूला शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. गावातली तरणी पोरं मुंबईला, पालखीबरोबर नाचणाऱ्या खेळ्यांत टाळ धरायला माणूस कमी पडतं. यंदा म्हाताऱ्या खेळ्यांनी टाळ तुमच्या नातवाच्या, आपल्या सोन्याच्या हातात दिले. काळ्या झग्यातलं, पांढऱ्या दाढीचं संकासुराचं सोंग दिसलं की माझ्यामागं लपणारं पोरगं आता त्याच्याच मागं अनवाणी वाडीभर फिरतं. पालखी होडीतून खाडीपलीकडं गेली, त्यात त्यालाही घेतलं, तर रात्रभर झोप नाही. मला म्हणाला, "इथं देव आपल्या घरी येतो, आजोबांकडं आपण देवाला भेटायला शेतात जातो. मग मी दोन्हीकडं पाहिजे ना?"

गॅदरिंगला फेटा बांधून नाचवलं म्हणजे रीत टिकते असं मला वाटत नाही. थोरांच्या रांगेत पोराला उभं करावं लागतं, ताल चुकला तरी टाळ काढून घ्यायचे नाहीत. अण्णा, तुम्ही दुसरं काय केलंत? येळवसला, वेळ अमावास्येच्या शेतातल्या पूजेला, अंबिलाचं मडकं माझ्या डोक्यावर दिलंत, सगळे ओरडले, आणि तुम्ही म्हणालात, "सांडलं तर सांडू द्या." पाठीवरून ओघळलेलं ते गार अंबिल मला अजून आठवतं.

येळवस मात्र चुकणार नाही. शेतातल्या पूजेच्या कोपीपुरता कडबा राखून ठेवा. पाच पांडवांच्या दगडांना चुना सोन्या लावेल, "ओलगे ओलगे, सालम पोलगे" ही आरोळी त्याला पाठ आहे. आई, भज्जी तुझ्याच हातची.

खाण्याची काळजी करू नकोस. तू दिलेल्या ज्वारीत कडुनिंबाचा पाला घातलाय, एक वेळ भाकरी होतेच. शेजार मायेचा आहे. तरी ताप आला की कपाळावर तुझाच हात हवासा वाटतो गं.

आता ऐका. मोतीबिंदूचं मे महिन्यात करायचंच, तेव्हा मी तिथंच असेन. आई, अंधारात हापशावर जायचं नाही. अण्णा, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी बंद करायची नाही. रिकामी पाकिटं टाकू नका, आले की मोजणार आहे.

तुमची,
ताई