ते उखळ नव्हे!

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीत दिदरोने संपादलेल्या फ्रेंच विश्वकोशातल्या चित्रांवरचा लेख वाचला. लेख बरा आहे. पण दुग्धशाळेच्या चित्राखाली ‘उखळात कांडण करणारी स्त्री’ असं छापलंय, ते वाचून हातातला चहा निवला. अहो, उखळाला झाकण कुठे असतं? तेही मधोमध भोक पाडून, त्यातून दांडा वर काढलेलं? ती बाई लोणी काढते आहे. तिकडे दांडा वर-खाली करत, आपल्याकडे रवी दोरीने फिरवत.

बरं, ओळखायला विद्वत्ता नको होती. त्या कोशाचे चित्रांचे ११ खंड (१७६२ ते १७७२). तक्त्यात वर खोली आणि माणसं, खाली एकेक वस्तू सुटी काढून आकडे घातलेली, सोबत खुलासा. गूसिए नावाच्या चित्रकाराने त्यातले शेकडो तक्ते रेखाटले, ते आपल्या उपसंपादकांनी अंदाज बांधावा म्हणून नव्हे. दिदरोचे वडील तर सुऱ्या घडवणारे कारागीर!

मला हे झोंबण्याला कारण आहे. आमच्या आईची रवी आम्ही एका संग्रहालयाला दिली. दांड्यावर दोरीने पडलेले दोन गुळगुळीत चर होते. पहाटे आई घुसळखांबापाशी बसायची. घुसळण्याचा आवाज जड झाला, की न बघताच म्हणायची, “गार पाणी आण रे.” तांब्या घेऊन धावायचं काम माझं. गेल्या वर्षी पाहायला गेलो, तर काचेमागे पाटी: ‘शेतीचे अवजार (बहुधा पेरणीचे)’. दोन पत्रं लिहिली. पाटी जागच्या जागी, ‘बहुधा’सकट.

लेखक म्हणतात, या चित्रांत तेव्हाचं खेड्यातलं घर ‘जसंच्या तसं’ दिसतं. कसलं जसंच्या तसं? ना काजळी, ना जळमटं, ना सांडलेलं दूध. अवजार नीट दिसावं म्हणून खोली झाडून-पुसून मांडली आहे, मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून आमचं माजघर आवरायचे तशी.

दुरुस्ती छापावी, ही विनंती. चित्रासकट छापणार असाल तर पानाच्या घडीवर नको. काल घडी नेमकी त्या बाईच्या तोंडावरून गेली होती. आणि शब्दकोड्याची उत्तरं गेले दोन रविवार आलेली नाहीत, तेवढं बघा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा